शेतकऱ्यांचे कैवारी महात्मा फुले

मुलांनो, आपण भाईंदर पश्चिमेला राहतो. स्टेशनपासून थोडे पुढे गेले की मिठागरे लागतात. राई, मुर्धे, मोरवा, डोंगरी, उत्तन ही गावे येथून जवळच आहेत. या भागात पूर्वी भाताची शेती होत असे. आता पुष्कळ जागी इमारती उभ्या राहिल्या. तरी आपल्या ताटातला भात, डाळ आणि भाजी कोणीतरी शेतकरीच पिकवतो. मग सर्वांना अन्न देणारा हा शेतकरी स्वतः कर्जात का बुडतो? हा प्रश्न सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका थोर माणसाने विचारला. नुसता विचारला नाही, तर त्याचे उत्तर शोधण्यात आयुष्य घालवले. त्यांचे नाव महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पुढे हे घराणे पुण्यास आले आणि पेशव्यांना फुले पुरवू लागले. त्यामुळे लोक त्यांना फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीचा व्यवसाय करत व शेतीही पाहत. जोतीराव लहान असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारली. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना मायेने वाढवले.

गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले. पण शिकून मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले. त्यांनी जोतीरावांना शाळेतून काढले. मुलगा दिवसभर मळ्यात राबू लागला. तरी वाचनाची आवड गेली नाही. रात्री दिव्याच्या उजेडात तो पुस्तक वाचत बसे.

त्यांच्या शेजारी गफार बेग मुन्शी राहत होते. ते उर्दू व फारसीचे शिक्षक होते. मुलाची हुशारी त्यांच्या ध्यानात आली. लिजिट साहेब नावाच्या एका इंग्रज गृहस्थांनाही तसेच वाटले. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली चौदा वर्षांचे जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. एका शिक्षकाने शेजारच्या मुलाकडे लक्ष दिले आणि महाराष्ट्राला एक महात्मा मिळाला.

जोतीरावांचे लग्न १८४० साली सावित्रीबाईंशी झाले. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. लोकांचा विरोध वाढला, तेव्हा या दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात त्यांची सहकारी फातिमा हिचा उल्लेख आहे. सावित्रीबाई माहेरी आजारी होत्या, त्या काळात शाळेच्या कामाचा भार तिच्यावर पडला होता.

१८५५ साली जोतीरावांनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसा राबणारी माणसे रात्री पाटी घेऊन बसू लागली. त्याच वर्षी त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात एक शेतकरी नवराबायको आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. भीती घालून कोणी त्यांना खर्चात पाडतो. शेवटी त्यांचे डोळे उघडतात आणि ती दोघे शाळेत जाण्याचे ठरवतात.

कर्ज आणि शाळा यांचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. तो समजण्यासाठी त्या काळी शेतकऱ्याला कर्ज कसे होई, ते पाहू.

इंग्रज सरकारने जमिनीची मोजणी करून सारा ठरवला होता. सारा म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर. तो रोख पैशांत आणि ठरलेल्या वेळी भरावा लागे. पाऊस आला नाही, पीक बुडाले, तरी सारा सहसा सुटत नसे. शेतकऱ्याकडे रोख पैसा कोठून असणार? तो गावातल्या सावकाराकडे जाई. सावकार कागद लिही. शेतकऱ्याला तो वाचता येत नसे. तो खाली आपली निशाणी करी. कागदावर किती रक्कम आहे, व्याज किती आहे, काय गहाण आहे, हे त्याला सावकार सांगेल तेवढेच कळे.

१८५९ च्या कायद्यामुळे असा कागद तीनच वर्षे चालत असे. मुदत संपत आली की सावकार नवा कागद लिहून घेई. जुने व्याज त्यात मुद्दल म्हणून मिळवले जाई. आता एक हिशेब करू. समजा, कोणी १०० रुपये घेतले आणि वर्षाला शेकडा २४ रुपये व्याज ठरले. तीन वर्षांनी १७२ रुपये झाले. नवा कागद १७२ रुपयांचा लिहिला. आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६ रुपये झाले. नऊ वर्षे झाली, तेव्हा रक्कम ५०९ रुपयांवर गेली. घेतले होते १००! मध्ये थोडेफार पैसे दिले, तर त्याची पावती मिळेलच असे नव्हते. मग सावकार कोर्टात जाई. कोर्ट कागद पाहून निकाल देई. शेतकऱ्याची जमीन जाई.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला. म्हणून आपल्याकडच्या कापसाला खूप भाव आला. पैसा खेळू लागला, सावकारही सहज कर्ज देऊ लागले. युद्ध संपले आणि कापसाचा भाव उतरला. कर्ज मात्र उतरले नाही. दूरच्या देशातल्या लढाईचा असा परिणाम दख्खनच्या शेतकऱ्यावर झाला. आजही परदेशातल्या बाजारात भाव पडला की आपल्या शेतकऱ्याला त्याची झळ लागते.

शेवटी लोकांचा धीर सुटला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. ही आग अहमदनगर जिल्ह्यातही पसरली. शेतकऱ्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जाचे कागद. ते त्यांनी हिसकावून घेतले आणि जाळले. जे कागद वाचता येत नव्हते, ते जाळून टाकणे एवढेच त्यांना सुचले. इतिहासात या प्रसंगाला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी कायदा केला. त्यामुळे कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कागदामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला.

हे दंगे जोतीरावांनी केले नव्हते. पण त्यांमागचे दुःख ते जवळून पाहत होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. या समाजाने थोड्या खर्चात साधी लग्ने लावण्याची रीत सुरू केली. लग्नकार्यासाठी कर्ज काढणारा शेतकरी पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते फेडत राहतो, हे जोतीरावांना ठाऊक होते. शेतकऱ्यांवर त्यांचे प्रेम होते, तरी त्यांच्या चुका सांगायला ते कचरत नसत.

लगेच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. माणसे आणि गुरे अन्नावाचून मेली. अनेक मुले पोरकी झाली. १८७७ साली जोतीराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी आश्रम उघडला. त्यासाठी त्यांनी लोकांना मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाईही या कामात झटल्या.

जोतीराव स्वतः ठेकेदारीचा व्यवसाय करत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला होता. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेती केली. त्यामुळे शेतीचे प्रश्न त्यांना अनुभवातून ठाऊक होते. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले. सरकारचा पैसा शेतकऱ्यांच्या घामातून येतो, पण त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर फार थोडा खर्च होतो, असे त्यांनी दाखवून दिले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली.

या साऱ्या विचारांतून त्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक तयार झाले. असूड म्हणजे चाबूक. १८ जुलै १८८३ रोजी ते लिहून पूर्ण झाले. त्यात पाच प्रकरणे आहेत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर अशा ठिकाणी जोतीरावांनी त्यातील भाग लोकांना वाचून दाखवले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही ते ऐकले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत ते पुस्तक असे कानांवाटे पोचले. जोतीरावांच्या हयातीत मात्र ते पूर्ण छापून निघाले नाही.

या पुस्तकात त्यांनी केवळ दुःख सांगितले नाही, उपायही सांगितले. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बांध घालावेत. डोंगराच्या कडेला तळी व धरणे बांधावीत. जमिनीखाली पाणी कोठे आहे, ते शोधून विहिरींना मदत करावी. कालव्याचे पाणी प्रत्येकाला मोजून द्यावे. चांगल्या जातीची जनावरे पाळावीत. पिकांची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावे आणि परदेशातल्या शेतकी शाळा पाहू द्याव्यात. आज आपण ज्याला पाणी अडवणे आणि जिरवणे म्हणतो, ते त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. हे ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे पुत्र. बाकीचे पाहुणे भारी कपडे आणि दागिने घालून आले होते. जोतीराव मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेषात, अंगावर घोंगडी घेऊन आले. ते बोलायला उभे राहिले. येथे जमलेल्या श्रीमंतांवरून या देशाची कल्पना करू नका, खरा देश खेड्यात आहे, तो गरीब व अशिक्षित आहे, आणि हे राणीच्या कानावर घाला, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईतील मांडवी येथे मोठी सभा झाली. तेथे जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला. पण त्यांनी लिहिणे सोडले नाही. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

जोतीराव गेले, पण त्यांचा प्रश्न अजून संपलेला नाही. विदर्भ आणि मराठवाड्यातील अनेक शेतकऱ्यांनी कर्जापायी आपले जीवन संपवले. त्यांच्यामागे तुमच्याच वयाची मुले राहिली. २०१४ साली महाराष्ट्रात सावकारीवर नियंत्रण ठेवणारा नवा कायदा झाला. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने दोन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याची योजना जाहीर केली. तिला महात्मा जोतीराव फुले यांचेच नाव दिले. या योजनेत बँका व सोसायट्यांचे कर्ज माफ झाले. खाजगी सावकाराचे देणे त्यात येत नव्हते. कर्जमाफीने एक वेळची अडचण टळते. पण पाणी, योग्य भाव आणि शिक्षण मिळाले नाही, तर कर्ज पुन्हा दारात येते. जोतीरावांनी हेच ओळखले होते.

मुलांनो, कर्ज, रयत, जमीन, वसूल, दस्तऐवज हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे आहेत. ते मराठीतही आहेत, कारण हे दुःख सगळ्यांचे आहे. आपल्या घरीही कागद येतात. खोलीचा करार, बँकेचा अर्ज, महानगरपालिकेची नोटीस. त्यांतले पुष्कळसे मराठीत असतात. अब्बा किंवा अम्मी ते तुमच्या हाती देतील. तुम्ही ते नीट वाचा आणि त्यांना अर्थ समजावून सांगा. न वाचता कोणत्याही कागदावर सही होऊ देऊ नका. गफार बेग मुन्शींनी ज्या मुलाला शाळेत परत पाठवले, त्याने आयुष्यभर इतरांना हेच शिकवले.

स्वाध्याय

१. जोतीरावांना पुन्हा शाळेत घालण्यासाठी कोणी प्रयत्न केले?
२. १०० रुपयांच्या कर्जाचे नऊ वर्षांत ५०९ रुपये कसे झाले, ते वहीत मांडा.
३. सुपे येथील शेतकऱ्यांनी कर्जाचे कागद का जाळले?
४. जोतीराव मेजवानीला शेतकऱ्याच्या वेषात का गेले असावेत?
५. घरी आलेला एखादा मराठी कागद वाचा आणि त्याचा अर्थ घरच्यांना सांगा.