जडसनसाहेबांचा अंधाराचा काळ

ब्रह्मी भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविणारे रेव्हरंड अदोनिराम जडसन यांचे नाव आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांनी ऐकले असेल. आपल्या मुलुखाशीही त्यांचा एक धागा जुळलेला आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना परदेशी सेवेसाठी दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे पुढील वर्षी मुंबईस येऊन पोहोचले व मराठी मिशनचा पाया त्यांनी घातला. जडसनसाहेब त्याच वर्षी पत्नीसह रंगूनला उतरले.

तेथे पहिला बाप्तिस्मा देण्यास त्यांना सहा वर्षे थांबावे लागले. माउंग नाऊ नावाचा तो मनुष्य २७ जून १८१९ रोजी प्रभूचा झाला. पुढे इंग्रज व ब्रह्मी राजा यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा हेर समजून साहेबांना १८२४ च्या जून महिन्यात आवा येथील तुरुंगात घालण्यात आले. सुमारे सतरा महिने ते कैदेत होते; काही काळ तर त्यांच्या पायांत एकाच वेळी बेड्यांच्या पाच जोड्या होत्या. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित आन बाईंनी उशीत शिवून त्यांच्यापाशी पोहोचविले होते. ती उशी तुरुंगात फेकून दिली गेली, आणि माउंग इंग या शिष्याने ती केवळ गुरूची आठवण म्हणून उचलून घरी नेली. आत काय आहे हे त्या बिचाऱ्यास ठाऊकही नव्हते!

वाचकहो, इतक्या छळात साहेबांचा विश्वास डळमळला नाही. तो डळमळला सुटकेनंतर, आणि मला सांगावयाचे आहे ते त्याविषयी.

१८२६ साली ते सरकारी वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून पुन्हा आवा येथे गेले होते. पत्नी व तान्ही मुलगी मरिया अँहर्स्ट येथे होत्या. एके दिवशी काळ्या लाखेची मोहोर असलेले पत्र त्यांच्या हाती आले. आणणाऱ्याने सांगितले की, मूल गेले. निदान तिची आई तरी राहिली, असे म्हणत साहेब खोलीत गेले व त्यांनी पत्र उघडले. तो आन बाईच २४ ऑक्टोबर रोजी निवर्तल्या होत्या. सहा महिन्यांनी मरियाही गेली. तिला आईच्या शेजारीच पुरले.

त्यानंतर साहेबांच्या मनाने निराळेच वळण घेतले. आपण घरदार सोडून आलो, ते खरोखर देवाकरिता की नावलौकिकाकरिता, हा प्रश्न त्यांना ग्रासू लागला. एका विद्यापीठाने दिलेली सन्मानाची पदवी त्यांनी परत केली. आपली प्रशंसा असलेली पत्रे नष्ट केली. जवळचा पैसा मिशनला देऊन टाकला. २४ ऑक्टोबर १८२८ रोजी, पत्नीच्या मृत्यूस दोन वर्षे झाली त्या दिवशी, मौलमीनजवळच्या रानात बांबूची झोपडी बांधून ते एकटे राहावयास गेले. पुढे त्यांनी एक कबर खणविली, आणि तिच्या काठाशी बसून आपल्या देहाची माती कशी होईल याचे चिंतन ते करीत. आणखी एका वर्षाने पत्नीच्या नातलगांना त्यांनी कळविले की, देवावर आपला विश्वास आहे, पण तो आपल्याला सापडत नाही.

हे वाक्य लिहिणारा मनुष्य सतरा वर्षे सुवार्ता सांगत होता! आपल्या खेड्यांतील एखादा उपदेशक संध्याकाळी माझ्याकडे येतो, बराच वेळ पावसापाण्याचे बोलतो आणि जाताना हळूच म्हणतो, पाळकसाहेब, लोकांना सांगतो पण माझेच मन कोरडे आहे. असे मन म्हणजे पाप किंवा अविश्वास, असे त्याला वाटते. मला तसे वाटत नाही. कबर खणविण्यात साहेबांचे चुकले असेही मी म्हणेन; देहाच्या मातीकडे टक लावून पाहण्यास आपल्या प्रभूने कोणाला सांगितलेले नाही. परंतु त्या दिवसांतही भाषांतर व उपदेश त्यांनी टाकून दिला नाही, हे ध्यानात घ्यावे.

उजेड एकाएकी पडला नाही. त्यांचा भाऊ एलनाथन तारुण्यात विश्वासापासून दूर होता, आणि १८१२ साली निघताना साहेबांनी त्याच्याबरोबर वाटेतच गुडघे टेकून प्रार्थना केली होती. तो १८२९ साली मरण पावला, पण विश्वासात मरण पावला, ही बातमी आली, तेव्हा त्यांच्या मनावरचे ओझे काहीसे हलके झाले. मग कामाने त्यांना हळूहळू पुन्हा माणसांत ओढले. १८३१ साली रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या मोठ्या यात्रेत सुमारे दहा हजार लहान पुस्तके त्यांनी वाटली, आणि तीही मागणाऱ्यांनाच. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची वाट चालून आलेले लोक दारात उभे राहत व येशू ख्रिस्ताविषयीचे लिखाण मागत.

३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण शास्त्राचे भाषांतर पुरे झाले. शेवटचे पान हाती धरून साहेबांनी गुडघे टेकले. त्यांचे सुधारलेले भाषांतर १८४० साली तयार झाले, आणि ब्रह्मी मंडळ्यांत ते अद्यापि वाचले जाते.

१२ एप्रिल १८५० रोजी आजारी अवस्थेत प्रवास करीत असता ते गलबतावर वारले. देह समुद्रात सोडण्यात आला. रानात खणविलेली ती कबर त्यांच्या उपयोगी पडलीच नाही.