आपल्या जिल्ह्याचे चिंतामणराव

सुकापूरच्या आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. त्यानिमित्त आपल्याच जिल्ह्यातल्या एका थोर माणसाविषयी चार शब्द लिहितो. माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे सी. डी. ऊर्फ चिंतामणराव देशमुख म्हणजे आमचं दैवत!

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. मॅट्रिकला पहिले, आय.सी.एस.लाही पहिले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तर १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ साली आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत.

१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं घाटत होतं. मुंबईत गोळीबारात माणसं गेली होती. चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडलं आणि भर लोकसभेत आपल्याच सरकारच्या चुका सांगितल्या. तरी देशाचं काम सोडलं नाही. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. १९८२ मध्ये ते गेले.

मी मात्र नोकरीत एक चुकीचं कर्ज मंजूर होताना पाहिलं आणि बढती हुकेल म्हणून गप्प बसलो. ती खंत आजही आहे. आपल्या देशात चूक दाखवायची मुभा आहे; ती वापरली नाही तर गंजते. म्हणून वार्षिक सभेत कोणी हिशेब विचारला तर रागावू नका, मंडळी. तोही आपलाच माणूस आहे.