दरीचा पेत्र

आमच्या जोयडा तालुक्यात एकच नाव निरनिराळ्या तोंडी निरनिराळे होते. मराठी मंडळीत ज्याला आपण पेत्र म्हणतो, तो अनमोडचा घाट उतरून गोव्यात गेला की पेद्रू होतो. इंग्रजी शाळेत तोच पीटर. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक त्याला बुत्रुस म्हणतात, आणि इटलीत त्याचा पिएत्रो होतो. शिमोन कोळ्याला प्रभूने दिलेले हे नाव. अर्थ एकच, खडक.

इटलीच्या इतिहासात या नावाची माणसे पुष्कळ झाली. त्यांपैकी पिएत्रो मार्तिरे वेर्मिली (१४९९-१५६२) हा पंडित सुधारणेच्या चळवळीत सामील झाला आणि स्ट्रासबर्ग, ऑक्सफर्ड व झुरिक येथे पवित्र शास्त्र शिकवीत राहिला. त्याचे नाव आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत कधीतरी कानावर येते. पण आज ज्या पिएत्रोची गोष्ट सांगावयाची आहे, तो धर्मसुधारक नव्हता. तो रोम शहरातला रोमन कॅथॉलिक गृहस्थ होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. त्याचे आडनाव देल्ला वाल्ले, म्हणजे ‘दरीचा’. हा ‘दरीचा पेत्र’ १६२३ साली आपल्याच जिल्ह्यातून, होन्नावर आणि गेरसोप्प्याच्या वाटेने, सह्याद्रीचा घाट चढून गेला. डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या आम्हा लोकांना त्याची ओळख असावी, म्हणून हा लेख.

पिएत्रोचा जन्म १५८६ च्या एप्रिल महिन्यात रोममधील एका जुन्या खानदानी घराण्यात झाला. त्याला विद्येची, काव्याची आणि संगीताची गोडी होती. तारुण्यात एका स्त्रीवर त्याचे मन जडले. पुष्कळ वर्षे त्याने वाट पाहिली. शेवटी तिचे लग्न दुसऱ्याशी झाले. निराश होऊन तो नेपल्स येथे आपला मित्र मारिओ स्किपानो याच्याकडे गेला. हा मित्र वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने दुःखी माणसाला औषध दिले ते प्रवासाचे. पवित्र भूमीची यात्रा कर, असा त्याचा सल्ला होता. पिएत्रोने यात्रेकरूचे व्रत घेतले आणि ८ जून १६१४ रोजी व्हेनिसहून जहाजात पाऊल ठेवले. त्या दिवसापासून तो स्वतःला ‘यात्रेकरू’ म्हणवून घेऊ लागला. प्रवासात जे पाहिले ते पत्रांनी स्किपानोला कळवावयाचे, असे ठरले होते. त्याने ते बारा वर्षे पाळले. आज आपल्याला त्याची जी माहिती आहे, ती मुख्यतः त्या पत्रांमुळेच.

कॉन्स्टँटिनोपल येथे वर्षाहून अधिक काळ राहून तो तुर्की भाषा शिकला. मग मिसर देश पाहून आणि सीनाय पर्वतावर जाऊन तो १६१६ च्या मार्च महिन्यात यरुशलेमास पोहोचला. पुनरुत्थानाचा सण त्याने तेथेच पाळला. पुढे दिमिष्क येथे त्याच्या हातून एक काम झाले, त्याबद्दल पवित्र शास्त्राच्या प्रत्येक वाचकाने त्याचे ऋणी असावे. शोमरोनी लोक मोशेची पाच पुस्तके आपल्या जुन्या लिपीत जपून ठेवीत आले आहेत, हे आपण जाणतो. सुखार येथील विहिरीपाशी प्रभूशी बोललेली स्त्री त्याच लोकांतली. त्यांच्या या शास्त्राची एक हस्तलिखित प्रत पिएत्रोने विकत घेतली. ती पुढे पॅरिसला पोहोचली आणि १६४५ साली तेथील बहुभाषी पवित्र शास्त्रात छापली गेली. युरोपातल्या पंडितांनी शोमरोनी लोकांचे पंचग्रंथ पहिल्यांदा अभ्यासले ते या प्रतीवरून.

यात्रेचे व्रत येथे पुरे झाले होते. परंतु तो घरी परतला नाही. बगदादला त्याची गाठ एका ख्रिस्ती मुलीशी पडली. तिचे नाव मआनी. ती मार्दिन गावची, सुरियानी ख्रिस्ती घराण्यातली. १६१६ सालीच त्यांचे लग्न झाले. मआनी घरात बसून राहणारी नव्हती. घोड्यावर बसून ती नवऱ्याबरोबर इराणात गेली, त्याच्याबरोबर तंबूत राहिली, आणि इस्फहानला दोघांनी संसार थाटला. तिनित्सिन नावाची एक पोरकी जॉर्जियन मुलगी या कुटुंबात आली. मआनीने तिला लेकीप्रमाणे सांभाळले. इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या छावणीतही पिएत्रोचे जाणेयेणे होते.

पाच वर्षांनंतर दोघांना घराची ओढ लागली. समुद्रमार्गे हिंदुस्थानात येऊन तेथून युरोपला जावे, असा बेत होता. म्हणून ते होर्मुझच्या बाजूस आले. त्या दमट, तापाच्या प्रदेशात सगळेच आजारी पडले. मआनी गरोदर होती. मूल गेले, आणि ३० डिसेंबर १६२१ रोजी मिनाब येथे तीही गेली. तिचे वय अवघे तेवीसच्या आसपास होते.

यापुढे पिएत्रोने जे केले त्यामुळे त्याचे नाव आजही निघते. बायकोला परक्या मातीत सोडून जावयाचे त्याच्या मनाला पटेना. त्याने तिच्या देहाला मसाले लावून तो पेटीत बंद केला, आणि ती पेटी घेऊन तो निघाला. जहाजावरचे खलाशी प्रेत घेत नसत. जकातनाक्यांवर तपासणी होई. म्हणून ती पेटी सामानाच्या गाठोड्यांत लपवावी लागे. सुरत, गोवा, बसरा, वाळवंट, अलेप्पो अशी चार वर्षांहून अधिक काळ ती त्याच्या सोबतीस होती.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, हा देहाचा मोह झाला. उत्पत्तीच्या पुस्तकाकडे वळले तर तेथे दोन्ही वाटा दिसतात. अब्राहामाची सारा वारली तेव्हा तो उपराच होता. त्याने मकपेलाची गुहा मोल देऊन घेतली आणि तिला तेथेच पुरले. याकोबाने मात्र मला मिसरात पुरू नका असे सांगून ठेवले, आणि योसेफाने त्याच्या देहाला मसाले लावून तो कनान देशी नेला. खुद्द योसेफाच्या अस्थी तर मोशेने मिसराबाहेर काढल्या. तेव्हा पिएत्रोला दोष देण्याची घाई आपण करू नये. काळी नदीवर सुपे येथे धरण झाले, पाणी चढले आणि जुने सुपे गाव बुडाले, तेव्हा आमच्या तालुक्यातील पुष्कळ कुटुंबांनी घरे सोडली. भांडीकुंडी हलवता येतात. आपली माणसे ज्या मातीत आहेत ती माती हलवता येत नाही. असा निरोप ज्यांनी घेतला आहे, त्यांना पिएत्रोचे मन समजेल.

१६२३ च्या फेब्रुवारीत एका इंग्रजी जहाजातून तो सुरतेस उतरला. खंबायत, अहमदाबाद पाहून एप्रिलमध्ये तो गोव्यास आला. त्या वेळी मिरीचा व्यापार आणि किनाऱ्यावरील राजांचे तंटे यांसंबंधी बोलणी करण्यासाठी पोर्तुगीजांचा वकील इक्केरीचा राजा वेंकटप्पा नायक याच्याकडे निघाला होता. पिएत्रो त्याच्याबरोबर गेला. ऑक्टोबरात ते होन्नावरला उतरले आणि होडीने शरावती नदीतून गेरसोप्प्याला गेले. दोन्ही तीरांवरची हिरवी झाडी पाहून तो इतका आनंदित झाला, की असा सुंदर जलप्रवास क्वचितच घडला असेल असे त्याने कळविले. मिरीमुळे जिच्या राणीचे नाव पोर्तुगालपर्यंत गेले होते, ती गेरसोप्पे नगरी मात्र तेव्हा मोडून पडली होती.

घाट चढून गेल्यावर सामानाची बांधाबांध होईपर्यंत तो एका देवळाच्या ओसरीवर थांबला. तेथे चार मुले अंक शिकत होती. गुरुजी जवळ नव्हते. फरशीवर बारीक वाळू पसरली होती. एक मुलगा सुरात धड्याचा एक भाग म्हणे आणि म्हणता म्हणता तो बोटाने वाळूत लिही. मग बाकीचे तिघे तेच म्हणत आणि तेच लिहीत. फरशी भरली की हाताने पुसून टाकत आणि वर नवी वाळू घालत. पिएत्रोने त्यांना विचारले, की गुरुजी नसताना चुकलात तर सुधारणार कोण? मुलांनी सांगितले, की चौघेही एकाच ठिकाणी चुकणे शक्य नाही. एक चुकला तर दुसरा त्याला सांगतो. हे उत्तर त्याला पटले आणि ती सगळी रीत त्याने तपशीलवार लिहून काढली. पुढे पावणेदोनशे वर्षांनी डॉ. अँड्र्यू बेल या पाळकाने मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत वाळूवर लिहिण्याची आणि मुलांकडून मुलांना शिकवण्याची हीच तऱ्हा उचलली, आणि ती इंग्लंडातल्या शाळांत पसरली. रविवारच्या शाळेत खडू-फळा नाही म्हणून खिन्न होणाऱ्या शिक्षकांनी या चार मुलांची आठवण ठेवावी.

इक्केरीत त्याला वेगळेच दृश्य दिसले. एक विधवा सती जाणार अशी बातमी कळताच तो तिच्या घरी गेला. अंगणात वाद्ये वाजत होती. ती पांढऱ्या वस्त्रांत, डोक्यावर फुले, हातात लिंबू, अशी नवरीसारखी नटून बसली होती. ती उठून त्याच्याशी बोलावयास आली. पिएत्रोने दुभाष्यामार्फत आधी तिचे नाव विचारले. जक्कम्मा, असा त्याचा उच्चार असावा. ती तेलंगी होती. नवरा ढोल वाजवणारा. त्याच्या आणखी दोन बायका होत्या, त्या सती जाणार नव्हत्या. जक्कम्माला सहा-सात वर्षांचा मुलगा आणि एक लहान मुलगी होती. मुलांकडे पाहून तरी हे करू नकोस, असे त्याने परोपरीने सांगितले. तिने सांगितले, की मुलांचा सांभाळ त्यांचा चुलता करील, आणि कोणाच्या बळजबरीने नव्हे तर स्वखुशीने मी हे करीत आहे. आपल्याकडून होईल तेवढे करून तुझे नाव मागे ठेवीन, एवढे वचन देऊन तो जड मनाने निघाला. त्याने ते वचन पाळले, म्हणूनच त्या ढोलवाल्याच्या बायकोचे नाव आज आपल्याला कळते.

हा प्रसंग वाचताना मन थबकते. एकजण आपल्या मेलेल्या माणसाला बरोबर घेऊन जगत होता, आणि दुसरी आपल्या मेलेल्या माणसाबरोबर जावयास निघाली होती. तिचे दुःख त्याला परके नव्हते. म्हणूनच तमाशा बघणाऱ्यासारखा तो दुरून पाहत राहिला नाही. आपणही येथे दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. सतीची चाल कंपनी सरकारने १८२९ साली बंद केली हे खरे; पण पिएत्रो तेरा वर्षांचा असताना, १६०० च्या फेब्रुवारीत, त्याच्याच रोम शहरात ख्रिस्ती न्यायाधीशांच्या निकालावरून जोर्दानो ब्रूनो या विचारवंतास जिवंत जाळण्यात आले होते. युरोपात चेटकीण ठरवून बायकांना जाळणे तर त्या काळी चालूच होते. जाळणाऱ्याला आपला अग्नी नेहमी पवित्रच वाटतो.

इक्केरीहून खाली उतरून तो मंगळूरच्या बाजूस गेला. तेथे उल्लाळची राणी त्याला रस्त्यात भेटली, ती अनवाणी आणि साध्या सुती वस्त्रात. भातशेतीच्या पाटांचे काम ती जातीने पाहत होती. कालिकत पाहून तो गोव्यास परतला, आणि १६२४ च्या नोव्हेंबरात त्याने हिंदुस्थान सोडले. बसरा व वाळवंटातून अलेप्पो, आणि पुढे समुद्रमार्गे, २८ मार्च १६२६ रोजी तो रोमला पोहोचला. जाऊन बारा वर्षे होत आली होती.

पुढच्या वर्षी आराचेली येथील मंदिरात, आपल्या घराण्याच्या थडग्यात, त्याने मआनीला पुरले. मोठी उपासना झाली. तो स्वतः बोलावयास उभा राहिला, पण तिच्याविषयी बोलता बोलता त्याला रडू कोसळले. इतक्या मुलुखांतून जे ओझे त्याने वाहिले, ते त्या दिवशी खाली ठेवले. पुढे त्याने तिनित्सिनशीच लग्न केले. त्यांना बरीच मुले झाली. वाद्ये, पौर्वात्य हस्तलिखिते आणि संगीतरचना यांत त्याचे उरलेले दिवस गेले. इराणातल्या जुन्या शिलालेखातील बाणाच्या टोकासारखी पाच अक्षरे त्याने उतरून घेतली होती, आणि ही लिपी डावीकडून उजवीकडे वाचावी असा अंदाजही केला होता. तो पुढे बरोबर ठरला. पत्रांचा पहिला भाग १६५० साली निघाला. २१ एप्रिल १६५२ रोजी त्याचा अंत झाला. इराणचा भाग १६५८ साली आणि आपल्या देशाविषयीचा भाग १६६३ साली छापून निघाला, तो त्याच्या डोळ्यांमागे.

पिएत्रो संत नव्हता. उच्च कुळाचा ताठा त्याच्यात होता, आणि इतरांच्या धर्माविषयी त्याची काही मते आज आपल्याला खटकतील. तरी त्याच्या चरित्रात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्वतःचे दुःख एवढे जड असताना त्याने डोळे मिटले नाहीत. ओसरीवरच्या मुलांना त्याने प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतले. मरावयास निघालेल्या बाईला त्याने आधी नाव विचारले. आपल्या मंडळीत नव्याने येणाऱ्याला, शाळेच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला, नुकतेच माणूस गमावलेल्या शेजाऱ्याला आपण आधी सांगतो, की आधी विचारतो? येत्या रविवारी वर्ग सुरू करण्यापूर्वी, ज्या मुलाचे नाव आपल्याला अजून ठाऊक नाही त्याच्याजवळ जाऊन ते विचारावे.