सात वर्षांची पेरणी आणि हुगळीकाठचा आनंद



सुवार्ता सांगितली पाहिजे, हे आपण मंडळीत अनेकदा ऐकतो. ऐकताना आपल्याला ते पटतेही. पण कॉलेजात, ऑफिसात किंवा शेजाऱ्याजवळ तोंड उघडायची वेळ आली की जीभ जड होते. कोणी हसेल का? कोणी रागावेल का? मला नीट सांगता येईल का? आणि एवढे सांगून कोणी ऐकलेच नाही तर? अशा विचारांनी सुवार्ता सांगणे हळूहळू ओझे वाटू लागते. जिला आपण आनंदाची बातमी म्हणतो, तीच सांगताना आपला आनंद कुठे जातो?

आज आपण एका माणसाचे जीवन पाहू या. त्याने सुवार्ता सांगितली आणि सात वर्षे त्याला फळ दिसले नाही. तरी त्याने ते काम सोडले नाही. त्या माणसाचे नाव विल्यम केरी. तुमच्या हातात आज मराठी पवित्र शास्त्र आहे, त्यामागेही त्यांच्या श्रमांचा एक वाटा आहे.

जोडे शिवताना मिळालेली सुवार्ता

विल्यम केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील पॉलर्सपरी या लहानशा खेड्यात झाला. वडील आधी विणकर होते, नंतर गावच्या शाळेत मास्तर झाले. घरची परिस्थिती बेताची. किशोरवयातच विल्यमला जोडे शिवण्याचे काम शिकायला ठेवले गेले.

त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा आणखी एक तरुण काम शिकत होता. तो काही मोठा उपदेशक नव्हता. पण त्याचा ख्रिस्तावर जिवंत विश्वास होता आणि काम करता करता तो विल्यमशी त्याविषयी बोलत असे. विल्यम सुरुवातीला वाद घालत असे. वादात तो जिंकायचासुद्धा, पण मन मात्र अस्वस्थ होत असे. वॉरने त्याला सोडले नाही. पुस्तके दिली, प्रार्थनासभेला नेले. शेवटी विल्यमने आपले जीवन प्रभूला दिले.

प्रिय वाचका, इथे क्षणभर थांबा. इतिहास विल्यम केरींना ओळखतो, जॉन वॉरला फार थोडे लोक ओळखतात. पण शेजारच्या बाकावर बसून जोडे शिवणारा तो मुलगा गप्प राहिला असता तर? तुमच्यापर्यंत सुवार्ता कोणी आणली ते आठवा. आई असेल, आजी असेल, एखादी मैत्रीण किंवा संडे स्कूलची बाई असेल. कोणीतरी बोलले म्हणून तुम्ही आज विश्वासात आहात. प्रेषित पौल स्वतःला सर्व लोकांचा ऋणी समजत असे. सुवार्ता का सांगायची, याचे पहिले उत्तर हेच आहे. आपल्याला जे फुकट मिळाले, ते आपल्यापाशीच थांबू नये.

भिंतीवरचा नकाशा

केरी जोडे शिवत राहिले, शाळेत शिकवू लागले आणि एका छोट्या मंडळीचे पाळकही झाले. फावल्या वेळात लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषा शिकले. कॅप्टन कुकच्या सागरी प्रवासाची वर्णने वाचताना त्यांच्या मनात एकच विचार येई, की या दूरच्या लोकांना ख्रिस्ताविषयी कोण सांगणार? त्यांनी जगाचा एक मोठा नकाशा तयार करून भिंतीवर लावला होता. एकेका देशाची माहिती त्यावर लिहून ते त्या देशासाठी प्रार्थना करीत.

त्या काळी पुष्कळ ख्रिस्ती लोकांना वाटे, की जगभर जाण्याची प्रभूची आज्ञा पहिल्या प्रेषितांपुरतीच होती. केरींनी १७९२ मध्ये एक पुस्तिका लिहून दाखवून दिले, की ती आज्ञा आजही लागू आहे. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात एका विधवा बाईंच्या घरी काही पाळक जमले आणि त्यांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली. पहिली वर्गणी ठरली ती १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर जगाचे काम हाती घेतलेले पाहून आपल्यासारख्यांना हसू येईल. पण देवाने त्या वर्गणीचा मान राखला.

अश्रूंची वर्षे

११ नोव्हेंबर १७९३ रोजी केरी कुटुंब कलकत्त्याला पोहोचले. सोबत डॉ. जॉन थॉमस होते. ते त्याआधीही बंगालमध्ये राहिलेले होते. केरींच्या पत्नी डोरोथी यांना भारतात यायचे नव्हते. काही आठवड्यांचे बाळ कडेवर घेऊन त्या शेवटच्या क्षणी कशाबशा तयार झाल्या होत्या.

थोड्याच दिवसांत पैसे संपले. राहायला धड जागा नव्हती. पुढच्या वर्षी माल्दा भागातील मदनाबाटी येथे नीळ तयार करण्याच्या कारखान्यावर केरींना व्यवस्थापकाची नोकरी मिळाली आणि दोन घास सुखाचे मिळू लागले. पण त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारी पडून दगावला. डोरोथींचे मन त्या आघातातून सावरले नाही. त्यांना मानसिक आजार जडला आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या बऱ्या झाल्या नाहीत.

हा भाग वाचताना आपण घाईने पुढे जाऊ नये. डोरोथींनी सोसलेले दुःख खरे होते. सेवाकार्याच्या नावाखाली आपल्या घरच्या माणसांचे अश्रू आपल्याला दिसेनासे होऊ नयेत, हा धडाही केरींच्या जीवनातून आपण घेतला पाहिजे. स्वतः केरी त्या दिवसांत फार एकाकी होते. त्यांच्या रोजनिशीत निराशेची, आत्मिक कोरडेपणाची पाने पुष्कळ आहेत. आनंदी ख्रिस्ती म्हणजे कधीच न रडणारा माणूस, असे तुम्हांला कोणी सांगितले असेल तर ते खरे नाही.

तरीही केरी थांबले नाहीत. दिवसा कारखान्याचे काम आणि उरलेल्या वेळात बंगाली व संस्कृतचा अभ्यास. त्यांनी बंगालीत नव्या कराराचे भाषांतर सुरू केले, खेडोपाडी जाऊन लोकांशी बोलले. अनेकांनी आदराने ऐकून घेतले. पण वर्षामागून वर्षे गेली आणि एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही. मी कॉमर्स शिकतो. आमच्या हिशेबात सात वर्षे गुंतवणूक आणि परतावा शून्य, असा धंदा कोणीही बंद करील. केरींनी मात्र मायदेशी पाठवलेल्या पत्रांतून कळवले, की इंग्लंडमध्ये कितीही चांगली जागा मिळाली तरी ते ही सेवा सोडणार नाहीत. या सेवेपासून दूर व्हावे लागणे हेच त्यांना सर्वांत मोठे संकट वाटत होते.

त्यांचा आनंद परताव्यावर अवलंबून नव्हता. ज्याने आपल्यावर प्रेम केले त्याच्याविषयी बोलायला मिळते, हाच त्यांना लाभ वाटत होता. आपल्या घरात बाळ जन्मले की आपण भेटेल त्याला पेढा देतो. समोरचा पेढा खाईलच, याची खात्री करून आपण आनंदी होत नाही. आनंद आधीच मनात असतो, म्हणून तर हात पुढे होतो. सुवार्तेचेही तसेच आहे.

हुगळीकाठचा तो रविवार

जानेवारी १८०० मध्ये केरी सेरामपूरला आले. बंगालीत या गावाला श्रीरामपूर म्हणतात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर ते वेगळे, हे कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी आहे. तेव्हा तिथे डेन्मार्कचे राज्य होते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या हद्दीत मिशनऱ्यांना मिळत नसलेली मोकळीक तिथे होती. जोशुआ मार्शमन, त्यांची पत्नी हॅना आणि छपाईचे काम जाणणारे विल्यम वॉर्ड हे सहकारी तिथे आधीच पोहोचले होते. या सर्वांनी एकत्र राहायचे, मिळकत एकाच निधीत ठेवायची आणि त्यातून काम चालवायचे ठरवले.

त्याच वर्षाच्या शेवटी कृष्ण पाल नावाच्या एका सुताराचा खांदा निखळला. मदतीसाठी मिशनकडे निरोप आला. डॉ. थॉमस धावत गेले, त्यांनी खांदा बसवला आणि मग प्रेमाने त्याला ख्रिस्ताविषयी सांगितले. कृष्णाने ऐकले, विचार केला, पुन्हापुन्हा येऊन प्रश्न विचारले. त्याच्यावर कोणाची जबरदस्ती नव्हती. उलट, विश्वास ठेवला तर समाज दूर लोटेल, हे त्याला पुरते ठाऊक होते. मिशनऱ्यांबरोबर एका पंक्तीत जेवल्यावर त्याच्या घरापुढे मोठा जमाव जमला. तरी त्याचा निर्णय बदलला नाही.

२८ डिसेंबर १८००, रविवार. हुगळीच्या पाण्यात केरींनी दोघांना बाप्तिस्मा दिला. एक त्यांचा स्वतःचा मुलगा फेलिक्स आणि दुसरा कृष्ण पाल. डॅनिश गव्हर्नर स्वतः तिथे उपस्थित होते. सात वर्षांच्या पेरणीनंतरचे ते पहिले कणीस होते.

पण त्या दिवशी मिशनच्या आवारात एका खोलीत आजारी डोरोथी होत्या आणि दुसऱ्या खोलीत डॉ. थॉमस. इतक्या वर्षांची वाट पाहणे आणि मग अचानक आलेला हा आनंद थॉमस यांच्या मनाला पेलवला नव्हता, त्यांचे मानसिक संतुलन बिघडले होते. अशा घरातून केरी नदीवर गेले. दुःख संपल्यावर आनंद येतो असे आपल्याला वाटते. त्या दिवशी दोन्ही एकाच छताखाली होते.

कृष्ण पाल पुढे स्वतः सुवार्तिक झाला. त्याने बंगालीत भक्तिगीते रचली. जॉन वॉरने विल्यमला सांगितले, विल्यम आणि थॉमस यांनी कृष्णाला सांगितले, आणि कृष्णाने आपल्या लोकांना.

आपल्या भाषेपर्यंत

१८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. त्याच वर्षी केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. तिथे त्यांनी बंगाली, संस्कृत आणि मराठी या भाषा शिकवल्या. त्यांचा पगार सेरामपूरच्या कामासाठी खर्च होई. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्यांनी मराठीचा अभ्यास केला. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण, १८१० मध्ये मराठी शब्दकोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार सेरामपूरला छापला गेला. महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर बसून एक परदेशी माणूस आपल्या भाषेतील एकेका शब्दासाठी झटत होता. भाषांतर करताना एखाद्या शब्दावर अडून बसलो की मला हे आठवते आणि माझा कंटाळा पळून जातो.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, अनेक लिप्यांचे टाइप आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळून गेली. केरी कलकत्त्याहून परतले तेव्हा राखेचा ढीग उरला होता. त्यांनी देवाच्या इच्छेपुढे मान झुकवली आणि भाषांतर पुन्हा पहिल्यापासून हाती घेतले. राखेत टाइप ओतण्याचे पोलादी ठसे सुरक्षित सापडले. वितळलेल्या धातूतून नवे टाइप ओतले गेले आणि छपाई पुन्हा सुरू झाली. ही बातमी इंग्लंडला पोहोचताच तिथल्या मंडळ्यांनी नुकसान भरून निघेल एवढी मदत गोळा केली.

१८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज सुरू झाले. सतीची चाल बंद व्हावी म्हणून केरी अनेक वर्षे झटले. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा हुकूम निघाला, तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर करण्याचे काम त्यांच्याकडे आले. एक दिवसाच्या उशिरानेही एखादीचा जीव जाईल, म्हणून त्यांनी सगळी कामे बाजूला ठेवून ते तत्काळ पूर्ण केले. सुवार्ता सांगणारे ओठ आणि शेजाऱ्यासाठी राबणारे हात त्यांच्या जीवनात वेगळे नव्हते.

शेवटची विनंती

केरी पुन्हा कधीही इंग्लंडला गेले नाहीत. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे ते प्रभूमध्ये विसावले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात अलेक्झांडर डफ हे तरुण मिशनरी त्यांना भेटायला आले होते. डफ बराच वेळ केरींच्या कार्याविषयी बोलत राहिले. निघताना केरींनी त्यांना जवळ बोलावून क्षीण आवाजात विनंती केली, की आपण गेल्यावर केरीविषयी बोलू नका, केरीच्या तारणाऱ्याविषयी बोला.

म्हणून हा लेखही केरींपाशी संपवू नये. प्रिय बंधू, प्रिय भगिनी, तुमच्या शेजारच्या बाकावर कोण बसते? त्या व्यक्तीचे नाव आज एका कागदावर लिहा. या आठवड्यात रोज तिच्यासाठी प्रार्थना करा. तिची काही अडचण असेल तर आधी मदतीला धावा. मग योग्य वेळी, नम्रतेने, कोणताही दबाव न आणता, प्रभूने तुमच्यासाठी काय केले ते तुमच्या साध्या शब्दांत सांगा. ती ऐकेल किंवा ऐकणार नाही, ते तिच्यावर आणि देवावर सोपवा. सांगून घरी परतताना मनात काय वाटते ते मात्र नक्की पाहा.

प्रभू तुम्हांला बोलायला धैर्य देवो, आणि त्याच्या तारणाचा आनंद तुमच्या अंतःकरणात पुन्हा ताजा करो. आमेन.