वोल्फगांग पाउली : अणूतील विवर्जनाचा नियम

अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन निरनिराळ्या कवचांत वसतात, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु किमान ऊर्जेच्या स्थितीकडे जाणे हा निसर्गाचा स्वभाव असताना सर्व इलेक्ट्रॉन सर्वांत आतल्या कवचातच का गोळा होत नाहीत? या प्रश्नाचा छडा लावण्याचे श्रेय वोल्फगांग पाउली यांच्याकडे जाते.

पाउलींचा जन्म २५ एप्रिल १९०० रोजी व्हिएन्ना येथे झाला. म्युनिक येथे आर्नोल्ट झोमरफेल्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२१ साली डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सापेक्षतेवरील विस्तृत लेखाने खुद्द आइन्स्टाइनही प्रभावित झाले. १९२२ साली गटिंगेन येथे नील्स बोर यांची व्याख्याने त्यांनी ऐकली. मूलद्रव्यांचे रासायनिक गुणधर्म आणि वर्णपट यांच्या आधारे बोर यांनी कवचांची रचना कल्पिली होती; मात्र एक कवच भरले म्हणजे पुढील इलेक्ट्रॉनास तेथे मज्जाव का व्हावा, याचे कारण हाती लागले नव्हते. पाउली पुढे वर्षभर कोपनहेगन येथे बोर यांच्याकडे राहिले. चुंबकीय क्षेत्रात काही वर्णरेषा अपेक्षेहून निराळ्या रीतीने का विभागल्या जातात, या कोड्याने तेथे त्यांना अक्षरशः बेचैन केले.

उत्तर सापडले ते हँबुर्ग येथे. इलेक्ट्रॉनच्या स्थितीचे वर्णन तोवर तीन पुंजांकांनी केले जात असे. दोनच मूल्ये धारण करणारा चौथा पुंजांक पाउलींनी मानला. इंग्लंडमधील एडमंड स्टोनर यांनी १९२४ साली उपकवचांतील इलेक्ट्रॉनांची नवी विभागणी मांडली होती. तिचा धागा धरून १९२५ च्या आरंभी त्यांनी नियम सांगितला : एकाच अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे असू शकत नाहीत. हेच विवर्जन तत्त्व. पहिल्या तीन पुंजांकांनी ठरणाऱ्या प्रत्येक स्थानी दोनच इलेक्ट्रॉन मावतात. पहिल्या कवचात असे एक स्थान, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात नऊ. म्हणून त्यांची धारणशक्ती अनुक्रमे २, ८ आणि १८. आवर्त सारणीच्या मांडणीमागील अंकगणित असे उलगडले.

हा चौथा पुंजांक म्हणजे इलेक्ट्रॉनचे परिवलन होय, ही कल्पना राल्फ क्रोनिग या तरुणाने १९२५ सालीच पाउलींपुढे ठेवली होती. पाउलींनी ती धुडकावली, आणि क्रोनिग यांनी ती प्रसिद्ध केली नाही. त्याच वर्षी उलेनबेक व गाउडस्मिट यांनी ती मांडली व श्रेय त्यांना लाभले. इतरांच्या चुका निर्दयपणे दाखविणाऱ्या पाउलींची ही चूक दुसऱ्याला महाग पडली. पुढे १९२७ साली परिवलनाला गणिती रूप दिले ते मात्र पाउलींनीच.

विवर्जन तत्त्वाचा व्याप अणूपुरता उरला नाही. श्वेत बटू ताऱ्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सावरणारा दाब याच तत्त्वातून उद्भवतो. त्या आधारालाही मर्यादा आहे, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० नंतरच्या संशोधनात दाखविले.

पाउलींना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० साली त्यांनी या तत्त्वाचा परिवलनाशी असलेला संबंध सिद्ध केला होता; तरीही त्याचे मूळ कारण पुरेसे उकललेले नाही, ही खंत त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात बोलून दाखविली. १५ डिसेंबर १९५८ रोजी झुरिक येथे त्यांचे निधन झाले. आपल्याच यशाची अशी कठोर तपासणी करणारा संशोधक विरळाच.