मोहनदासांची पांढरी विजार

सोयगाव तालुक्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, आणि याच तालुक्याच्या कुशीत अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या भित्तिचित्रांत तलम वस्त्रांपासून परदेशी पाहुण्यांच्या शिवलेल्या अंगरख्यांपर्यंत नाना तऱ्हेचे कापड रंगवलेले दिसते. कापूस शेतात, वस्त्र भिंतीवर. मधली वाट मात्र ज्याची त्याला शोधावी लागते. आज घरच्या शिलाई यंत्रावर समारंभाला शोभेल अशी साधी पँट शिवू पाहणारा नवशिका कापडाच्या दुकानात उभा राहतो, तेव्हा त्याचीही हीच अडचण असते. समोर ठाणांची रास असते आणि नेमके काय घ्यावे, हे उमगत नाही. ज्या माणसाने पुढे कापडाला साऱ्या देशाच्या राजकारणाचा विषय केले, तोही एके काळी असाच गोंधळला होता, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. बॅरिस्टर होण्यासाठी ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीत बसले, तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. विलायतेसाठीचे कपडे मुंबईतच शिवून घेतलेले होते. आखूड कोट त्यांना लाजिरवाणा वाटे. गळ्यातला टाय तर मुळीच आवडत नसे. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला. मित्रांनी घेऊन दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट मात्र उतरण्याच्या दिवसासाठी जपून ठेवला. पांढऱ्या कपड्यांत आपण अधिक शोभून दिसू, असा त्यांचा समज होता.

सप्टेंबर संपत आलेला होता. किनाऱ्यावर पाऊल ठेवताच त्यांच्या लक्षात आले, की एवढ्या गर्दीत पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये आपण एकटेच आहोत. तो दिवस शनिवारचा. सामान आणि किल्ल्या बोटीच्या आडत्याकडे गेलेल्या. दुसऱ्या दिवशी रविवारची सुटी. कपडे बदलण्याची सोयच उरली नाही आणि लंडनच्या हॉटेलात त्याच वेषात वावरावे लागले. त्या संकोचाची सल इतकी खोल होती, की पुढे आत्मचरित्र लिहिताना हा प्रसंग त्यांनी आवर्जून नोंदवला.

वास्तविक फ्लॅनेल हे काही वाईट कापड नव्हे. लोकरीचे, उबदार, विजारीला शोभणारे. पण पांढरे फ्लॅनेल इंग्लंडात उन्हाळ्यातले, खेळाच्या मैदानावरचे. कापड चांगले होते. ऋतू आणि प्रसंग चुकला होता. नवशिक्याने शिकायचा पहिला धडा हाच. पँट कुठे आणि कोणत्या दिवसांत घालायची, हे आधी ठरवावे. कापड त्यानंतर पाहावे. मराठवाड्याच्या वैशाखात लग्नाला जायचे असेल, तर जाड लोकरीची पँट कितीही सुबक शिवली, तरी ती अंगाला नकोशीच होणार.

एका टोकाच्या चुकीनंतर तरुण मोहनदास दुसऱ्या टोकाला गेले. मुंबईचे कपडे इंग्रजी समाजात शोभत नाहीत असे वाटून त्यांनी नवे कपडे घेतले, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली आणि बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून रात्रीच्या समारंभाचा सूट शिवून घेतला. थोरल्या भावाकडून सोन्याची दुपदरी साखळी मागवली. रोज आरशासमोर दहा मिनिटे टाय आणि भांग नीट करण्यात जात. हा छंद सुमारे तीन महिने टिकला. नीटनेटक्या पोशाखाचा आग्रह मात्र पुढे अनेक वर्षे राहिला. १८९६ च्या अखेरीस कुटुंबाला दक्षिण आफ्रिकेत नेताना त्यांनी मुलांना पारशी पद्धतीचे कोट व विजारी घातल्या, पायांत बूट-मोजे चढवले. बुटांनी बोटे सोलवटली, मोज्यांना घामाचा वास येऊ लागला. तरी सुधारलेपणाच्या समजापायी तो पोशाख चालूच राहिला. परक्याच्या नजरेसाठी केलेली निवड अंगाला किती जाचते, हे त्यांनी आपल्या घरात पाहिले.

त्याच देशात त्यांनी धोब्याचा खर्च टाळण्यासाठी स्वतः कपडे धुण्याचे पुस्तक आणून वाचले. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापलेली नव्हती, आणि कोर्टात त्या कॉलरमधून खळीचे कण गळू लागले. सोबतचे वकील हसले. गांधी खजील झाले नाहीत. पहिला प्रयोग असा चुकायचाच, हे त्यांनी मनोमन मान्य केले होते. विलायतेच्या किनाऱ्यावर शरमलेला तरुण आणि कोर्टात निर्धास्त उभा असलेला हा वकील, यांत हाताने केलेल्या कामाचे अंतर होते.

१९१३ मध्ये गिरमिट्या मजुरांवर गोळीबार झाल्यावर त्यांनी विलायती पोशाख उतरवला आणि मजुरांचा वेष घेतला. ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले, ते काठेवाडी धोतर-अंगरख्यात. ते कापडही गिरणीचेच होते. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातील विजापूर येथे अडगळीत पडलेले चरखे शोधून काढले. आश्रमात तयार झालेली पहिली खादी वाराला सतरा आणे पडली. पन्हा अपुरा पडे. पंचेचाळीस इंची पन्ह्याचे खादीचे धोतर महिन्याभरात मिळाले नाही, तर आखूड जाडेभरडे धोतरच नेसेन, असे गांधींनी गंगाबेनना बजावले. आणि त्यांनी मुदतीत तसे धोतर विणवून दिले.

पन्ह्याचा हा हिशेब आजच्या नवशिक्यालाही चुकत नाही. गिरणीच्या अठ्ठावन्न इंची पन्ह्याचे साधारण सव्वा मीटर कापड एका पँटला पुरते. छत्तीस इंची खादी घेतली, तर सव्वादोन ते अडीच मीटर लागते. सुती कापड आटते, म्हणून बेतण्यापूर्वी ते एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. पहिल्या पँटसाठी मध्यम जाडीचे, घट्ट विणीचे, न ताणले जाणारे कापड बरे. तिरप्या विणीचे सुती ट्विल किंवा गॅबर्डिन कात्रीखाली सरकत नाही, शिवण धरते आणि इस्त्रीची घडीही राखते. रेशमासारखे निसरडे कापड, चौकडी आणि लवचीक कापड दुसऱ्या-तिसऱ्या पँटसाठी ठेवावे. ठाणाचे टोक मुठीत चुरगळून सोडावे. सुरकुती किती राहते, ते दिसते. वारभर कापड कमरेपाशी धरून उभे राहावे. ते कसे पडते आणि उजेडात आरपार दिसते का, हे आरसा सांगतो.

२२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधींनी केवळ पंचा स्वीकारला. अंगभर कपडा ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापेक्षा जास्त वस्त्र त्यांना नकोसे झाले होते. यंत्राला ते सरसकट विरोध करत, हा मात्र गैरसमज. शिलाई यंत्राला त्यांनी १९२४ मध्ये उघडपणे अपवाद मानले, कारण त्यामागे घरच्या माणसाचे कष्ट वाचवण्याची माया त्यांना दिसली.

डिसेंबर १९३६ मध्ये सोयगावच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला, काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधींनी केले. नगराच्या सजावटीसाठी त्यांनी नंदलाल बोस यांना बोलावले होते. १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या तरुणांत हेच नंदलाल होते. लेण्यांतले वस्त्र ज्याने रेषारेषांनी न्याहाळले, त्याच चित्रकाराने खानदेशातल्या साध्या सामानातून खादीचे नगर सजवले.

त्याआधी १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गांधी पुन्हा लंडनला गेले होते. महिना तोच, शहर तेच. त्रेचाळीस वर्षांपूर्वीसारखेच या वेळीही साऱ्या गर्दीत त्यांचा वेष एकट्याचाच होता. पंचा आणि शाल याच वेषात ते राजवाड्यातही गेले. या वेळी मात्र संकोच नव्हता, कारण ते कापड त्यांनी कुणाला शोभून दिसण्यासाठी निवडलेले नव्हते. ते कुणी कातले, कुणी विणले आणि आपण ते का नेसलो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली, तेव्हाही अंगावर खादीच होती. पहिली पँट बेतायला बसलेल्याने त्यांच्यासारखा पंचा नेसावा, असे नाही. दुकानदाराने पुढे केलेले ठाण घेण्याआधी ऋतू, प्रसंग, पन्हा आणि आपला हात यांचा विचार केला, तरी पुष्कळ झाले. पहिली शिवण वाकडी जाईल. ती उसवता येते.