पाचगणीचा फारुख, जगाचा फ्रेडी

शाळा सुरू होण्याचे दिवस आले की जळगाव, पिंप्राळा परिसरातील काही घरांत सामानाची बांधाबांध सुरू होते. दूरच्या निवासी शाळेत निघालेल्या मुलाच्या कपड्यांवर नाव घालताना आईचे डोळे भरून येतात आणि वडील मुलाच्या भवितव्याचा हवाला देत स्वतःचीच समजूत घालतात. ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा जगद्विख्यात गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जीवनप्रवास अशाच एका ताटातुटीपासून सुरू झाला. त्याला दूर नेणारी ती शाळा आपल्याच महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील पाचगणीत होती, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी आणि आई जेर हे मूळचे गुजरातचे. बुलसारा हे आडनावच बुलसर, म्हणजे आजच्या वलसाडशी नाते सांगणारे. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि बोमी तेथील उच्च न्यायालयात रोखपाल होते. नोकरी स्थिर होती, घरात नोकरचाकर होते. पण मुलाला उत्तम इंग्रजी शिक्षण मिळावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी इंग्लंडकडे न पाहता मायदेशातील पाचगणीची निवड केली.

या निवडीमागे पाचगणीचा इतिहास होता. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रजाच्या देखरेखीखाली हे थंड हवेचे ठिकाण वसविण्यात आले. मैदानी मुलखातील उन्हाळा आणि रोगराई यांमुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांना मुलांना मायदेशी धाडावे लागे; ते ज्यांना परवडत नसे वा नकोसे वाटे, त्यांच्यासाठी डोंगरावरील निवासी शाळा हा पर्याय होता. १९०४ मध्ये स्थापन झालेली सेंट पीटर्स ही मुलांची शाळा मुळात युरोपीय मुलांसाठीच होती. स्वातंत्र्यानंतर इंग्रज कुटुंबे परतली, पण शाळेची घडी इंग्रजीच राहिली. गणवेश, प्रार्थना, मैदानी खेळ आणि घंटेबरहुकूम चालणारा दिवस तसाच राहिला. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांना आपल्या मुलांसाठी नेमके हेच हवे होते.

१९५५ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी फारुख या शाळेत दाखल झाला. आईवडील आणि धाकटी बहीण कश्मिरा समुद्रापलीकडे. घरी जाणे दुर्मीळच. एरवीच्या सुट्ट्या मुंबईत आजी आणि नातेवाइकांकडे जात. लाजाळू, पुढचे दात किंचित बाहेर आलेला हा मुलगा सुरुवातीला बुजलेला असे. सोबत्यांनी त्याचे फारुख हे नाव बदलून ‘फ्रेडी’ केले आणि घरच्यांनीही पुढे तेच स्वीकारले.

हळूहळू तो रुळला. टेबल टेनिसमध्ये चमकला, मुष्टियुद्धही खेळला. आईला ते कळताच तिने पत्र लिहून तो खेळ थांबवायला लावला. नाटकांत त्याने भूमिका केल्या, गायनवृंदात तो गायला. मुख्याध्यापकांनी त्याच्यातील संगीताची जाण हेरली आणि थोडे जादा शुल्क भरून त्याला पियानो शिकवावा, असे पालकांना कळविले. बोमींनी होकार दिला. त्या पत्राने आणि त्या होकाराने एका आयुष्याची दिशा ठरली, असे आज म्हणता येते. बाराव्या वर्षी त्याने मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद उभा केला. शाळेच्या समारंभांत तो क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड यांची गाणी वाजवी. विशेष म्हणजे त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानोवर असे.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पण घर पुन्हा मिळाले तेही वर्षभरासाठीच. जानेवारी १९६४ मधील रक्तरंजित क्रांतीनंतर बुलसारा कुटुंबाने बेट सोडले आणि लंडनजवळील फेल्टॅम येथे आश्रय घेतला. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून आरेखन कलेची पदविका घेतली. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह ‘क्वीन’ची स्थापना झाली, पुढील वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. वाद्यवृंदाचे बोधचिन्ह फ्रेडीनेच रेखाटले आणि बुलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव घेतले. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावर सुमारे ७२ हजार श्रोत्यांना त्याने वीस मिनिटे हातांच्या इशाऱ्यावर नाचविले. वसतिगृहात बुजून राहणाऱ्या मुलाचा हा पल्ला थक्क करणारा होता.

पाचगणीविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोलला. त्याच्या हयातीत ‘क्वीन’चा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही. एड्सने ग्रासलेल्या फ्रेडीने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आजाराची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. आयुष्यभर फ्रेडी म्हणून वावरलेल्या या कलावंताला अखेरचा निरोप मात्र लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी देण्यात आला.

पाचगणीने त्याला पियानो दिला, रंगमंच दिला, नवे नावही दिले. त्या बदल्यात आईच्या सहवासाची आठ वर्षे गेली. हा सौदा लाभाचा होता की तोट्याचा, याचा हिशेब त्याने कधी मांडला नाही. मुलाची पेटी भरणाऱ्या प्रत्येक घराला तो आपापला मांडावा लागतो.